गावाहून परतलो, आता घर लावू या

जून लागला, आभाळात मृगाचे ढग दिसू लागले की कोकणातल्या आमच्या गावातली घरे एकामागून एक शांत होऊ लागतात. महिनाभर ज्या अंगणात मुलांचा दंगा होता, तिथे चाचा-चाची दोघेच उरतात. खेडच्या स्टेशनावर आंब्याच्या पेट्या, तांदळाच्या गोण्या, सुक्या मासळीची बोचकी आणि उन्हाने रापलेली मुले यांची गर्दी होते. कुणी पुण्याला, कुणी मुंबईला, कुणी ठाण्याला परत निघालेले असते. आम्हीही त्यातलेच.

सुट्टीला जाण्याची तयारी आपण आठ-आठ दिवस करतो. परतल्यावर घर पुन्हा कसे लावायचे, याचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. कुलूप उघडले की ते आपोआप होईल, असे आपण धरून चालतो. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच धरून चालत होतो. तीन वर्षांपूर्वीच्या जूनने आम्हाला शहाणे केले. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढच्या सूचना कुठून आल्या ते वाचक भगिनी-बांधवांच्या लक्षात येईल.

गॅलरीतले पिंप

त्या वर्षी आम्ही पस्तीस दिवसांनी परतलो. सावंतवाडी-दिवा गाडीला उशीर झाला होता. दिव्याहून रिक्षा करून मुंब्र्याला घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजून गेले. दोन दिवसांनी शाळा उघडणार होती. आम्ही दोघेही शिक्षक, म्हणजे मुलांइतकीच आमचीही शाळा. दारातच बोचकी टाकली, पंखा लावला, चाचींनी बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खाल्ली आणि जो तो जागा मिळेल तिथे आडवा झाला.

गॅलरीत एक निळे पिंप होते. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून ते साठवावे लागते. निघताना, परतल्यावर लगेच पाणी लागेल, असा विचार करून आम्ही पिंप अर्धे भरून ठेवले होते आणि त्यावर जुनी ओढणी बांधली होती. परतलो तेव्हा ओढणीची एक बाजू सुटून आत लोंबत होती. हे आम्ही सगळ्यांनी पाहिले. मुलांच्या अम्मीला वाटले, अब्बा बघतील. अब्बांना वाटले, कपडे धुताना ते पाणी संपून जाईल. थोरलीला वाटले, हे मोठ्यांचे काम. दादींनी दोनदा म्हटलेसुद्धा, "अरे, ते पिंप कुणीतरी बघा." त्या 'कुणीतरी'मध्ये आमच्यापैकी कुणीच नव्हते. दुसऱ्या दिवशी अम्मी कपड्यांच्या ढिगात शिरली, अब्बा विजेचे बिल आणि मुलांच्या वह्या यांच्यामागे धावले, आणि पिंप तसेच राहिले.

अकराव्या दिवशी धाकट्याला ताप भरला. तो तेव्हा चौथीत होता. पाऊस लागला आहे, भिजला असेल, असे म्हणत आम्ही दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. डेंग्यू निघाला. पाच दिवस तो दवाखान्यात होता. एकाने शाळा गाठायची, दुसऱ्याने त्याच्या उशाशी बसायचे, आणि सकाळ-संध्याकाळ प्लेटलेट्सचा आकडा विचारायचा. दादी जानमाजवरून उठत नव्हत्या. अल्लाहच्या कृपेने मूल बरे होऊन घरी आले.

त्यानंतर महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या दोन बायका इमारतीत पाहणीला आल्या. त्यांनी आमच्या पिंपात बॅटरीचा उजेड टाकला आणि आम्हाला जवळ बोलावले. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. पिंपातल्याच डासाने आमच्या मुलाला आजारी पाडले, असे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. डास शाळेत चावला असेल, जिन्यात चावला असेल. पण त्या अळ्या आमच्या घरात वाढत होत्या आणि त्यांच्या शेजारी बसून आम्ही चहा पीत होतो, हे काही खोटे नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. परतल्यावर घर चकचकीत करायच्या मागे लागायचे नाही. आधी काय आणि नंतर काय, हा क्रम पाळायचा. आणि दुसरे, 'कुणीतरी' हा शब्द घरातून काढून टाकायचा. प्रत्येक कामापुढे एक नाव असले पाहिजे.

दार उघडल्यावरचा पहिला अर्धा तास

रिकाम्या घरातही सलाम करून शिरायचे, ही दादींची शिस्त. त्यानंतर लगेच दिव्याच्या बटणाकडे हात जाऊ द्यायचा नाही. आधी सगळ्या खिडक्या आणि गॅलरीचे दार उघडायचे आणि वास घ्यायचा. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली असेल तर तो जमिनीलगत साचून राहतो आणि बटणाच्या एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. वास आलाच तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करून सगळ्यांनी बाहेर पडावे आणि बाहेरून फोन करावा. गॅसगळतीसाठी 1906 हा मदतीचा क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ असू द्या.

घर बंद राहिले की बाथरूममधून कुबट वास येतो आणि झुरळे दिसतात. याचे कारण साधे आहे. बाथरूमच्या जाळीखाली वाटीसारखी जागा असते. प्लंबर तिला नहाणी ट्रॅप म्हणतात. तिच्यात नेहमी थोडे पाणी उभे असते आणि तेच पाणी गटाराचा वास आणि झुरळे अडवून धरते. महिनाभर वापर नसला की उन्हाळ्यात ते सुकते आणि वाट मोकळी होते. म्हणून घरात येताच प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये एकेक तांब्या पाणी ओतायचे. हे काम आमचा धाकटा करतो. पाच मिनिटांचे काम आहे, पण निम्मा वास तिथेच जातो.

नळ उघडल्यावर सुरुवातीला येणारे पाणी पिऊ नये. पाइपमध्ये इतके दिवस साचलेले ते पाणी बादलीत धरून फरशीला वापरावे. बाथरूम घासण्याच्या उत्साहात एक सावधगिरी मात्र हवी. ब्लीचिंग पावडर आणि फरशीचे ॲसिड कधीही एकत्र टाकू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

एवढे झाले की पंखे चालू करण्यापूर्वी पाती ओल्या फडक्याने पुसा. नाहीतर महिनाभराची धूळ सगळ्यांच्या अंगावर आणि अंथरुणावर येते. मग दोन पलंगांवर स्वच्छ चादरी घाला आणि थांबा. पहिल्या रात्री घराने एवढेच मागावे: मोकळी हवा, वाहते पाणी आणि झोपायला जागा.

पाणी आधी, पसारा नंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत आधी साठवणीच्या पाण्याकडे वळायचे. डेंग्यूचा डास घाण गटारात वाढतो, असा आपला समज असतो. खरे तर त्याला साठलेले स्वच्छ पाणी लागते. पिंप, टाकी, कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा पाणी साचण्याचा ट्रे, गॅलरीत पडलेली करवंटी, कुठेही चालते. तो चावतो बहुतेक दिवसा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आपण महिनाभर बाहेर असतो, हे लक्षात घ्या.

यातली एक गोष्ट आम्हालाही ठाऊक नव्हती, ती त्या आरोग्य खात्याच्या बायकांनी सांगितली. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात ती कित्येक महिने तग धरतात. म्हणून पिंप नुसते रिकामे करून पुन्हा भरले तर उपयोग नाही. आतली बाजू काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासायची, धुवायची, उन्हात पालथी घालायची आणि मग भरून घट्ट झाकणाने बंद करायची. पुढे पावसाळाभर आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. आमच्या घरी तो शुक्रवार आहे. जुम्याच्या तयारीत बादल्या-पिंपे रिकामी होतातच, त्याच हाताने घासूनही होतात.

आणखी एक. परतल्यानंतरच्या दिवसांत कुणाला ताप आला तर 'प्रवासाचा शीण' म्हणून आमच्यासारखे दोन दिवस घालवू नका. डॉक्टरांना दाखवा, भरपूर पाणी-सरबत द्या आणि स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या देऊ नका. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गावाकडचा माल

आता बोचक्यांकडे. बॅगा पलंगावर उघडायच्या नाहीत. गाडीत त्या बाकाखाली असतात. तिथून ढेकूण, झुरळे, मुंग्या आपल्याबरोबर घरी येतात. गॅलरीत किंवा दाराजवळ जुनी चादर अंथरा आणि तिच्यावर तीन ढीग करा: धुवायचे कपडे, स्वयंपाकघरात जायचे सामान आणि बाकीचे. बॅगा झटकून, एक दिवस ऊन दाखवून मगच माळ्यावर टाका.

तिन्हींत आधी हात लावायचा तो स्वयंपाकघराच्या ढिगाला. मळलेले कपडे दोन दिवस थांबतील, आंबे थांबणार नाहीत. पेटी उघडून डागी फळे वेगळी काढा, ती त्याच दिवशी रस काढून संपवा. कच्चे आंबे पेंढ्यात नाहीतर जुन्या वर्तमानपत्रात एकमेकांना न चिकटता मांडून आढी घाला आणि रोज एकदा चाळा. एक नासका आंबा अख्खी आढी घालवतो. हे रोजचे चाळणे आमच्याकडे दादी करतात. त्यांना वाकता येत नाही, पण पलंगाशेजारी आढी मांडली की नुसत्या वासावरून कोणता आंबा आज खायचा ते त्या सांगतात.

सुकट, सोडे, बोंबील पावसाची हवा लागली की लगेच सादळतात आणि बुरशी धरतात. ऊन असेल तर एक दिवस द्यावे, नसेल तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर हलके शेकून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. गरम भरले तर आत वाफ धरते आणि सगळे फुकट जाते. हा डबा तांदळापासून लांब ठेवा, नाहीतर बिर्याणीला सुकटीचा वास येतो; आमच्याकडे एकदा पाहुण्यांसमोर आलेला आहे. तांदूळ निवडून, वाळवून, कोरड्या पिंपात भरावा आणि पिंप भिंतीला न टेकवता लाकडी फळीवर ठेवावे. पावसाळ्यात भिंतीची ओल धान्यात उतरते. आमसुले, आंबापोळी, फणसपोळी यांना कोरडा चमचा आणि कोरडा हात, एवढीच अट.

गेली काही वर्षे बकरी ईद उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आगेमागे येते आहे. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ती दरवर्षी अलीकडे सरकते. गावी ईद करून कुर्बानीचे गोश्त बरोबर आणणारी कुटुंबे अनेक आहेत. ज्यांना ते आणायचे असेल त्यांनी घरचा फ्रिज आधी सुरू करून गार होऊ द्यावा, यासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली असावी. लांबच्या प्रवासात बर्फ वितळला असेल आणि गोश्त कोमट लागत असेल, तर 'कुर्बानीचे आहे, टाकायचे कसे' या भावनेपोटी मुलांच्या पोटात घालू नका. दुसऱ्या वर्षी गावातच वाटून या.

डबे, कपाटे आणि दप्तरे

फ्रिज चालू ठेवून गेला असाल तर मधल्या काळात वीज गेली होती की नाही, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. जाण्यापूर्वी फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वर असेल तर ठीक. ते वाटीच्या तळाशी गेले असेल तर बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे. म्हणजे आतले सगळे टाकून द्यायचे.

रवा, बेसन, मैदा, कणीक यांचे डबे उजेडात उघडून पाहा. जाळी धरलेले पीठ चाळून वापरण्याचा मोह होतो; आमच्या मते तो आवरावा. तांदळात टोके झाले असतील तर तांदूळ उन्हात पातळ पसरून ठेवावेत, ते निघून जातात. पहिले दोन दिवस स्वयंपाकाचा मोठा घाट घालू नये. खिचडी, पापड, आमसुलाचे सार. मुले कुरकुरत नाहीत आणि ओट्यावरचा निम्मा वेळ वाचतो. आमच्या शेजारच्या खाला आम्ही परतल्याच्या रात्री डाळ-भात पाठवतात आणि सकाळी त्यांच्या घरी आंबे जातात. हा व्यवहार कुठेही लिहिलेला नाही, पण कधी चुकलेला नाही.

कपाटातला कुराण शरीफ, पुस्तके आणि जानमाज बाहेर काढा. बंद कपाटात पुस्तकांना कसर लागते. पुस्तके कडक उन्हात ठेवू नयेत, बांधणी सुटते. पंख्याखाली पाने मोकळी करून कोरड्या फडक्याने पुसावीत. जानमाज आणि गोधड्यांना मात्र चांगले ऊन द्यावे. मुंबईच्या बाजूला पाऊस साधारण 11 जूनच्या सुमाराला पोहोचतो, तेव्हा मिळेल ते ऊन सोडू नका.

गणवेश दुसऱ्याच दिवशी मुलांच्या अंगावर चढवून पाहा. सुट्टीत मुले आंब्यांवर वाढतात, हे आम्ही वर्गात दरवर्षी बघतो. शाळेच्या आदल्या संध्याकाळी पँट आखूड झाल्याचा शोध लागला की दुकानात जी झुंबड असते, तिच्यात आई-वडील आणि मूल तिघेही रडकुंडीला येतात. बूट, छत्री, रेनकोटही त्याच दिवशी माळ्यावरून उतरवा. शिक्षक म्हणून एक सांगावेसे वाटते. पहिल्या दिवशी नवे दप्तर नसले तरी मुलाचे काही बिघडत नाही, पण तो पुरेसा झोपून आलेला हवा. गावी मुले रात्री बारापर्यंत जागतात. झोपेची वेळ शाळेच्या निदान तीन-चार दिवस आधीपासून मागे आणावी लागते. घर लावणे यात हेही आले.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्या किती उरल्या आहेत, तेही पहिल्याच दिवशी मोजा. दादींच्या रक्तदाबाच्या गोळ्या गावीच उशीखाली राहिल्या, असे आमच्याकडे एकदा झाले आणि ते कळायला दोन दिवस गेले.

यादीत नाव हवे

आता मुख्य गोष्ट. वर लिहिलेली सगळी कामे एका माणसाने करायची म्हटली तर आठ दिवस पुरणार नाहीत आणि ते माणूस आजारी पडेल. आपल्या बहुतेक घरांत ते एक माणूस ठरलेले असते. सुट्टीत चुलीपुढे तीच, परतताना बोचकी बांधायला तीच आणि घरी आल्यावर पदर खोचून उभी राहायलाही तीच. 'आपण सगळे फिरून आलो' म्हणायचे आणि त्याची धुणी-भांडी मात्र एकटीने काढायची. मग चौथ्या दिवशी ती चिडली की सगळ्यांना आश्चर्य वाटते.

हजरत आयेशा (रजि.) यांना विचारण्यात आले की प्रेषित (स.) घरात काय करीत असत. ते घरच्यांच्या कामाला हातभार लावीत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी बाहेर पडत, असे त्यांनी सांगितले. ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती फक्त तकरीरीत ऐकायची नसून घरात आचरायची आहे, हे आम्हाला दवाखान्याच्या बाकावर बसून कळले, याची खंत वाटते.

आता आम्ही परतीच्या गाडीतच यादी करतो. वहीचे एक पान. थोरली ते उर्दूत लिहिते, म्हणजे दादींना वाचता येते. धाकटा त्याच पानावर पलीकडून मराठीत उतरवतो. प्रत्येक कामापुढे एकच नाव. 'अम्मी-अब्बा' अशी जोडी लिहायची नाही, कारण दोन नावे म्हणजे पुन्हा कुणीतरी. पिंपे आणि पंखे अब्बांकडे. धुणे थोरलीकडे नाही, तेही अब्बांकडेच. मशीन लावायला आणि दोरीवर कपडे घालायला मुलगीच कशाला हवी? थोरली बिले, कागदपत्रे आणि गोळ्यांचा हिशेब बघते. तिला ते आवडते आणि ती कुणाला सोडत नाही. आंबे, तांदूळ निवडणे दादींकडे. जाळ्यांत पाणी, बुटांना ऊन आणि स्वतःचे दप्तर धाकट्याकडे. अम्मीकडे स्वयंपाकघर आणि पहिल्या दिवशी दुपारची दोन तास झोप. हो, झोपसुद्धा यादीत लिहिलेली असते, कारण लिहिली नाही तर ती होत नाही.

पहिल्या वर्षी कुरकुर झाली. कपड्यांच्या घड्या वाकड्या पडल्या, एक पांढरा कुर्ता गुलाबी झाला. त्यावर कुणी हसायचे नाही आणि ते काम अम्मीने परत हातात घ्यायचे नाही, एवढे पथ्य आम्ही पाळले. ते सगळ्यांत अवघड होते.

निघण्यापूर्वीच निम्मे काम

परतल्यावरचे निम्मे काम निघण्याआधी होते. आमची आठ कामांची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. पिंपे, बादल्या रिकाम्या करून, पुसून पालथ्या घालणे. कुंड्यांखालच्या बश्या काढणे. बाथरूमच्या जाळ्यांत पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडणे, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी बसवणे. फ्रिज बंद करायचा असेल तर पूर्ण रिकामा करून, पुसून त्याचे दार किलकिले ठेवणे. खिचडीपुरते डाळ-तांदूळ आणि चहा-साखर एका घट्ट डब्यात ठेवणे. दोन धुतलेल्या चादरी आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड वरच्या खणात ठेवणे. किल्ली खालांकडे देणे.

आणि जमेल तर शाळेच्या आदल्या दिवशी परतायचे नाही. तीन दिवस आधी या. गावी आणखी दोन दिवस राहण्याचा मोह आम्हालाही होतो. चाची दरवर्षी आग्रह करतात, डोळ्यांत पाणी आणतात. आम्ही त्यांना सांगतो, पुढच्या वर्षी दोन दिवस लवकर येऊ, पण परतताना घाई नको.

यंदा आम्ही 11 जूनला परतलो. गाडी याही वर्षी उशिरा आली. दार उघडले, सलाम केला, खिडक्या उघडल्या. धाकटा, जो आता सातवीत गेला आहे, तांब्या घेऊन बाथरूमकडे गेला आणि वाटेत गॅलरीत थांबला. पिंप पालथेच होते. तरी त्याने ते उचलून खाली वाकून पाहिले, हात फिरवला आणि अब्बांना आवाज दिला, "कोरडं आहे. पण घासायचं उद्या तुमच्याकडे आहे, लक्षात आहे ना?"

अब्बांनी यादी पाहिली. नाव त्यांचेच होते. सकाळी फजरनंतर काथ्याचा आवाज आला तेव्हा बाहेर पावसाची पहिली सर येत होती आणि घरात बाकी सगळे अजून झोपलेले होते.